बेळगावहून दुबईच्या शाळेत रुजू होताना

संक्रांतीनंतरच्या रविवारी खानापूर तालुक्यातली एक शिक्षिका कागदांची फाईल घेऊन माझ्या घरी आली. दुबईतल्या एका सीबीएसई शाळेत तिची निवड झाली होती आणि एप्रिलात रुजू व्हायचं होतं. फाईल उघडली तर चार कागदांवर चार नावं. दहावीच्या मार्क्सकार्डावर तिचं नाव आणि मागं वडिलांचं नुसतं आद्याक्षर. कोल्हापूरच्या बी.एड.च्या पदवीवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. आधारवर सासरचं आडनाव. पासपोर्टवर तर आडनावाच्या जागी काहीच नाही. "मॅडम, कपडे काय काय न्यायचे?" हे विचारायला ती आली होती. पुढचे दोन तास आम्ही नावच लावत बसलो.

मी स्वतः दुबईत आठ वर्षं प्राथमिक वर्गांना गणित शिकवलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यातून तिकडं शिकवायला जाणाऱ्यांच्या अडचणी पुण्या-मुंबईच्या शिक्षकांपेक्षा वेगळ्या असतात. आपलं शिक्षण, लग्न आणि नोकरी दोन राज्यांत पसरलेली असते, कागदही तसेच. कामं ज्या क्रमानं करावी लागतात, त्याच क्रमानं लिहिते.

सगळ्यात आधी नाव

तुमचा व्हिसा, कामाचा परवाना, एमिरेट्स आयडी हे तिथलं ओळखपत्र, बँक खातं, सगळं पासपोर्टवरच्या नावानं होतं. म्हणून पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी ताडून बघा. कर्नाटकातल्या दहावीच्या कार्डावर आद्याक्षरं असतात आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठाच्या पदवीवर पूर्ण नाव, त्यामुळं पासपोर्ट काढताना आपली माणसं कुठलाही एक कागद पुढं करतात आणि आडनावाचा रकाना तसाच रिकामा सोडतात. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर यूएईत, म्हणजे दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीत, भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळत नाही, हा नियम २०२२मध्ये आला. शिक्षकानं मुळात आडनावाशिवाय पासपोर्ट ठेवूच नये. शाळेकडून व्हिसाची प्रक्रिया सुरू व्हायच्या आधी तो नव्यानं काढून घ्या. एकदा परवान्यावर नाव चढलं की दुरुस्तीला महिने जातात.

लग्न झालेल्या मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगते. पासपोर्टवर सासरचं आडनाव लावलंच पाहिजे असा कायदा नाही. पदवी आणि बी.एड. माहेरच्या नावानं असेल आणि पासपोर्ट अजून काढायचा असेल, तर तो पदवीच्याच नावानं काढा. घरात कुणाला वाईट वाटलं तर समजावून सांगता येईल, पण विद्यापीठाची पदवी नव्या नावानं काढणं फार कठीण. आधीच दोन नावं झाली असतील तर विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा आणि शाळेला ते चालेल का, हे ईमेलवर विचारून घ्या. फोनवरच्या "हो हो, चालेल"ला अर्थ नाही.

गावाच्या नावाची मात्र धास्ती घेऊ नका. १ नोव्हेंबर २०१४ला नाव बदललं, त्यामुळं जुन्या कागदांवर इंग्रजीत 'बेलगाम' आणि नव्यांवर 'बेळगावी' असणारच. पासपोर्टवर जन्मस्थळ जसं छापलंय, तसंच प्रत्येक अर्जात लिहा, एवढं पुरतं. जन्मदाखला जुना, हातानं लिहिलेला कन्नड असेल तर ग्रामपंचायतीतून किंवा महापालिकेतून इंग्रजी असलेली छापील प्रत काढून घ्या. मुलांना पुढं तिकडं नेणार असाल तर त्यांचेही दाखले आताच काढा.

शिक्के, आणि दोन राज्यांचा घोळ

पदवी आणि बी.एड. यांचं साक्षांकन झाल्याशिवाय तिकडं शिक्षकाचा परवाना होत नाही. क्रम असा: आधी ज्या राज्यातली पदवी त्या राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या दूतावासाचा, आणि तिकडं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. ओमानला जाणाऱ्यांचं काम थोडं सोपं आहे, कारण ओमान कागदपत्रांच्या मान्यतेच्या हेग करारात आहे आणि तिथं दूतावासाच्या शिक्क्याऐवजी अपोस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं एकच प्रमाणपत्र, चालतं. यूएईला चालत नाही.

आपली माणसं अडकतात ती पहिल्याच पायरीवर. शिक्का तुमच्या राहत्या राज्याचा लागत नाही, ज्या राज्यानं कागद दिला त्या राज्याचा लागतो. बी.ए. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची किंवा २०१०नंतरची राणी चन्नम्मा विद्यापीठाची असेल तर तो कागद बेंगळूरला जाणार. बी.एड. शिवाजी विद्यापीठाची असेल तर तो मुंबईला. लग्नाची नोंदणी गडहिंग्लजला झाली असेल तर आधारवर पत्ता बेळगावचा असला तरी तो दाखलाही महाराष्ट्राचाच. मी हे माहीत नसताना दोन्ही पदव्या एकाच पाकिटात बेंगळूरला पाठवल्या होत्या. बी.एड. तशीच परत आली आणि त्यात तीन आठवडे गेले. तुम्ही पहिल्या दिवशीच दोन ढीग करा, एक कर्नाटकचा, एक महाराष्ट्राचा. राज्याच्या शिक्क्याआधी विद्यापीठाची पडताळणी मागितली जाते, त्यामुळं प्रत्येक ढिगाला वेगळा वेळ धरा.

आणि लॅमिनेशन. खडेबाजारातल्या दुकानात जाऊन वडिलांनी कौतुकानं पदवीवर जाड प्लॅस्टिक चढवून आणलेलं असतं. त्यावर शिक्का उठत नाही. घरी इस्त्री फिरवून प्लॅस्टिक सोडवायचा प्रयत्न एका ओळखीच्या शिक्षकानं केला, तर कुलगुरूंची सही प्लॅस्टिकबरोबर निघून आली. तसलं काही करू नका. विद्यापीठाकडं दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा आणि ती आली की साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्रही लागेल. ते पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतं. सध्याच्या शाळेच्या अनुभव प्रमाणपत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची पूर्ण तारीख, विषय आणि इयत्ता असल्याच पाहिजेत. आमच्या भागातल्या एका संस्थेनं माझ्या प्रमाणपत्रावर 'जूनपासून कार्यरत' एवढंच लिहून दिलं होतं, वर्षसुद्धा नाही. ते बदलून घ्यायला चार फेऱ्या झाल्या. मजकूर स्वतः टाईप करून न्या, सहीपुरतं काम त्यांच्याकडं ठेवा.

पैसे कुणाला द्यायचे नाहीत

माझ्या चुलत बहिणीनं पतसंस्थेचं कर्ज काढून एका मध्यस्थाला दीड लाख दिले. "आता व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर शाळा व्हिसा बदलून देईल," असं त्यानं सांगितलं. दोन महिने ती एका खोलीत बसून राहिली आणि परत आली. कर्ज मात्र चार वर्षं फेडलं.

भेटीच्या व्हिसावर काम करणं यूएईत गुन्हा आहे. नोकरी खरी असेल तर शाळा तुम्हाला आधी कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर देते आणि मग प्रवेश परवाना पाठवते. भरतीचा, व्हिसाचा, वैद्यकीय तपासणीचा खर्च तिथल्या कायद्यानं मालकाचा, तो पगारातूनही कापता येत नाही. आपल्या सरकारकडं नोंदणी असलेला एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. त्याचा परवाना ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. नाव तिथं नसेल तर तो माणूस कितीही ओळखीतला असो, उठून या. आणि बऱ्याच भारतीय शाळा थेट त्यांच्या संकेतस्थळावर जागा काढतात, मुलाखत आणि पाठ ऑनलाइन घेतात. मधल्या माणसाची गरजच पडत नाही.

शाळा कशी आहे हे कळायला दुबईत चांगली सोय आहे. तिथलं शिक्षण प्राधिकरण, केएचडीए, खासगी शाळांच्या तपासणीचे अहवाल सर्वांसाठी खुले ठेवतं. अत्युत्तम ते अगदी कमकुवत अशा सहा श्रेणी असतात. तुमच्या शाळेचे मागचे दोन अहवाल वाचा. शिक्षक वारंवार सोडून जातात का, याचा उल्लेख बऱ्याचदा त्यात सापडतो.

ऑफर लेटरचा एक आकडा

सगळे एकूण पगार बघतात. तुम्ही मूळ पगार बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरते: पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढं ३० दिवसांचा. समजा एकूण पगार ५,००० दिरहम. एका शाळेत मूळ पगार ३,५०० आणि बाकी भत्ते, दुसरीकडं मूळ २,००० आणि बाकी भत्ते. पहिल्या शाळेत वर्षाला २,४५० दिरहम जमतात, दुसरीकडं १,४००. पाच वर्षांत पाच हजार दिरहमहून जास्त फरक पडतो, आणि हातात येणारा पगार मात्र सारखाच दिसतो.

सही करायच्या आधी तीन प्रश्न लेखी विचारा. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार पहिल्याच वर्षी मिळतो का, कारण भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलात सुरू होतं आणि तुम्ही तीनच महिन्यांत सुट्टीवर याल. राहायची जागा शाळा देते की भत्ता. विमानाचं तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी. नवऱ्याला किंवा मुलांना बोलवायचं असेल तर पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, एवढा तरी असावा लागतो. चाचणीचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात काढायचं झालं तरी शाळेला १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तुम्ही सोडून भारतात परतणार असाल तर तुम्हालाही तेवढीच.

बी.एड. दूरशिक्षणातून केलं असेल तर तेही शाळेला आत्ताच सांगा. ते लपवून तिकडं परवाना अडला तर परतीचं तिकीट तुमच्याच पैशानं काढावं लागेल.

निघण्याआधी इकडं

बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्या आणि तिकडून पैसे पाठवायला एनआरई खातं उघडा. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर जुनं खातं तसंच चालवता येत नाही. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर त्या वर्षी तुम्ही इथले रहिवासी धरले जाता आणि तिकडच्या पगाराचा हिशेब इथं द्यावा लागतो. एप्रिलात जाणाऱ्याला ही अडचण येत नाही, ऑक्टोबरात जाणाऱ्यानं सीएला विचारून जावं. पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर इथंच छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांचा सल्ला घ्या, कारण तिकडं पोचल्यावर रक्ततपासणी आणि एक्स-रे व्हिसासाठी सक्तीचे आहेत.

बॅगेतली खसखस

हे वेगळं लिहिते, कारण आपल्या घरात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. यूएईत खसखस न्यायला बंदी आहे. ते अफूच्या बोंडाचं बी, आणि तिकडचा अमली पदार्थांचा कायदा फार कडक आहे. मी निघायच्या आदल्या रात्री आईनं दोन किलो मसाला पिशवीत बांधून ठेवला होता. मी विचारलं, "आई, ह्यात खसखस हाय काय?" तर म्हणाली, "मग? खसखशीशिवाय मसाला हुतोय काय?" अख्खी पिशवी घरी ठेवली. काकूनं दुसरा मसाला नंतर कुणाबरोबर तरी पाठवला, खसखस वगळून. अनारसे नकोत. करंज्यांच्या सारणात काय घातलंय ते विचारा. आपला दुधाचा कुंदा बिनधास्त न्या. सुक्या मेव्याच्या करदंटाच्या डब्यावर साहित्य वाचून मगच घ्या.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, काही झोपेच्या गोळ्या तिकडं नियंत्रित आहेत. रोजची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह मूळ पाकिटातच न्या, आणि शंका असेल तर यूएई सरकारच्या संकेतस्थळावर आधी परवानगी घ्या.

पोचल्यावरचे पंधरा दिवस

शाळेचा माणूस वैद्यकीय तपासणीला आणि एमिरेट्स आयडीच्या ठशांना घेऊन जाईल. त्यासाठी पासपोर्ट मागितला तर द्या, पण काम झालं की परत घ्या. कर्मचाऱ्याचा पासपोर्ट स्वतःकडं ठेवायचा अधिकार मालकाला नाही. एमिरेट्स आयडी आल्याशिवाय बँक खातं नीट उघडत नाही, म्हणून पहिला पगार उशिरा येईल असं धरून दीड महिन्याचा खर्च सोबत ठेवा.

घर. करामा, अल कुसैस, अल नाहदा या भागांत आपल्याकडची वस्ती भरपूर आहे. भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकनी द्यावं लागतं, त्यामुळं नवा माणूस आधी बेडस्पेस घेतो, म्हणजे खोलीतली एक खाट. घ्यायला हरकत नाही, पण मूळ भाडेकराराची प्रत बघा आणि राहणारी म्हणून आपलं नाव नोंदवून घ्या. नाव नसलेल्या जागेतून रात्रीत बाहेर काढलेल्या शिक्षिका मी पाहिल्यात. शारजात भाडं कमी पडतं, म्हणून सगळे तिकडं सुचवतात. माझं मत वेगळं आहे. शाळा दुबईत असेल तर शारजाहून सकाळी सहाच्या आत निघावं लागतं आणि परतीच्या गर्दीत दीड तास सहज जातो. पहिल्या वर्षी वाचलेल्या भाड्यापेक्षा ती झोप मोलाची असते. शाळेच्या बसच्या वाटेवर घर घ्या.

वर्गात

आपल्याकडं पाठटाचण एकदा नीट उतरवून काढलं की वर्षभर पुरतं. तिकडं दर आठवड्याला नवं लागतं आणि त्यात तीन थर दाखवावे लागतात: पुढं गेलेली मुलं, मधली, आणि मागं राहिलेली. शिवाय विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वेगळी योजना. त्यांना तिथं 'स्टुडंट्स ऑफ डिटर्मिनेशन' म्हणतात. दुसरा शब्द वापरू नका, पालक दुखावतात. सुपरवायझर न सांगता मागच्या बाकावर येऊन बसतात. पहिल्या वेळी माझे हात थरथरले होते. मग मी पाठाच्या सुरुवातीलाच फळ्यावर एक ओळ लिहायला लागले, 'तास संपताना तुम्हाला हे जमेल', आणि शेवटी तीन मुलांना ते करून दाखवायला सांगायला लागले. निरीक्षणाच्या नोंदींत सगळ्यात चांगले शेरे मला याच गोष्टीवर मिळाले.

मुलांना हात लावायचा नाही. मारणं तर नाहीच, पण कान धरणं, पाठीवर थाप, गाल ओढणं, हेही नाही. खानापूरच्या शाळेत माझी मुलं माझ्या पदराला धरून फिरायची, त्यामुळं मला हे सगळ्यात जड गेलं. मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढू नका, स्टाफच्या ग्रुपवर रागानं काही लिहू नका. दोन्ही गोष्टी पोलिसांपर्यंत जाऊ शकतात. घरी शिकवण्या घ्यायच्या असतील तर खासगी शिक्षकाचा परवाना डिसेंबर २०२३पासून मिळतो. तो न काढता शिकवण्या सुरू करू नका. रमजानात शाळेची वेळ कमी होते. डबा मात्र ठरवून दिलेल्या खोलीतच खा, उपवास करणाऱ्या सहकाऱ्यासमोर पाण्याची बाटलीही काढू नका. शुक्रवारी शाळा दुपारआधी सुटते.

इंग्रजीची भीती आपल्याकडच्या मराठी माध्यमातल्या प्रत्येकाला असते, मलाही होती. पहिल्या महिन्यात मी रोज रात्री उद्याची पहिली दहा मिनिटं मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करायची आणि ऐकायची. वेग कमी केला की अर्धी भीती जाते. पण आपली खरी पुंजी वेगळीच आहे, आणि तिथं गेल्याशिवाय ती कळत नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर हिंदी, असं आपण लहानपणापासून जगलोय. समोरच्याला कळलं नाही तर वाक्य बदलून सांगायचं, हे आपल्या अंगवळणी पडलंय. माझ्या वर्गात मल्याळी, तमिळ, गुजराती, बिहारी मुलं होती. मूल गप्प बसलं की त्याला विषय कळत नाही की भाषा, हे मला लवकर ओळखू यायचं. पहिल्या पालकसभेला हुबळीचे एक गृहस्थ इंग्रजीत अडखळत, चिडून बोलत होते. मी कन्नडात म्हटलं, "बर्री, कूडरी." म्हणजे या, बसा. ते खुर्चीत बसले, हसले, आणि मग मुलगा रात्री का झोपत नाही ते अर्धा तास कन्नडातून सांगत राहिले. मुलाखतीत भाषा किती येतात असं विचारलं तर संकोच न करता इंग्रजीसकट चारही सांगा, कन्नड सोडून देऊ नका.

घरी बोलणं

यूएईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, पण कॉल होत नाहीत. हे आधी माहीत नसलं की घरची माणसं पहिल्या रात्री घाबरून जातात. बोटिमसारखं तिकडं चालणारं अ‍ॅप निघण्याआधीच आईवडिलांच्या फोनमध्ये घालून, एकदा लावून दाखवून द्या. तिकडचं घड्याळ दीड तास मागं आहे. तुम्ही संध्याकाळी सातला मोकळ्या झालात की घरी साडेआठ वाजलेले असतात, ती वेळ बरी पडते. काही अडलंच तर भारतीय दूतावासाचं प्रवासी सहाय्य केंद्र आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं मदद हे तक्रारींचं पोर्टल यांची माहिती कागदावर लिहून ठेवा, फोन बंद पडला तरी हाताशी राहते.

जुलैच्या सुट्टीचं तिकीट मेच्या आधीच काढा. गोव्याला उतरणार असाल तर दिवसा पोचणारं विमान बघा. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरड आली की रात्री अडकून पडावं लागतं, आणि जड बॅगा घेऊन पर्यायी वाटेनं जायला गाडी मिळत नाही. मुंबईला उतरलात तर रात्रीची बस पकडून सकाळी निपाणीत चहा प्यायला पोचता येतं.